दोन चाकं जळगावची, दोन धुळ्याची

आमच्या घरात टायर आधी आला. गाडी त्यानंतर तीसेक वर्षांनी आली.

टायर ट्रॉलीचा होता. आबा, म्हणजे माझे वडील, पारोळ्याजवळच्या आमच्या गावात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकाने नव्या कपड्यांऐवजी त्यांना एक टाकाऊ टायर दिला. (तो इतका झिजला होता की आतले धागे बाहेर आले होते. म्हणजे तसं पाहिलं तर कपडाच होता!) आबांनी तो शिवारातून लोटत लोटत घरी आणला. माय चुलीपुढून उठून दारात आली.

"हाई काय लई उनात?"

"टायर शे."

"ते दिसस माले. खावानं शे का नेसानं?"

आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "बसानं शे."

आणि खरोखरच आम्ही त्यावर बसलो. घरात खुर्ची नव्हती, त्यामुळे पाहुणा आला की टायर आडवा टाकून वर गोधडीची घडी ठेवायची. जाडा पाहुणा आत रुतायचा आणि त्याला उठवायला दोन माणसं लागायची, म्हणून तो जेवूनच जायचा. पावसाळ्यात हाच टायर छपरावर जायचा, कारण वादळात पत्रे उडू नयेत म्हणून वजन लागायचं. आणि आखाजी जवळ आली की तो छपरावरून उतरायचा, दारातल्या निंबाला दोराने बांधला जायचा, आणि अख्ख्या गल्लीचा झोका व्हायचा.

झोक्याची मालकीण अक्का. माझी मोठी बहीण. तिची शाळा चौथीत सुटली, कारण मायसोबत कापूस वेचायला कोणीतरी हवं होतं. माझी सुटली नाही, कारण अक्काने ती सुटू दिली नाही. तिचा नियम साधा होता: मी टायरमध्ये बसायचं, पाढा म्हणायचा, आणि पाढा चालू असेल तोवर ती झोका देणार.

"सतरा सक?"

"शंभर... शंभर आणि दोन!"

"सत्ते?"

"एकशे... एकशे सोळा?"

"पाढा चुकना. झोका बंद!"

आणि ती टायर हवेतच धरून ठेवायची. मी लोंबकळत राहायचो, खाली गल्लीतली पोरं ओरडायची, आणि एकशे एकोणीस आठवेपर्यंत सुटका नाही. अशा रीतीने माझं सगळं गणित टायरमध्ये बसून झालं. पुढे मी आमच्या भावकीतला पहिला ग्रॅज्युएट झालो. बी.एस्सी., विषय गणित. हे मी अभिमानाने सांगतो. जळगावच्या माझ्या घराच्या पाटीवरही लिहिलं आहे, आणि आबा माझ्याकडे राहायला आले की पोस्टमनला आधी ती पाटी वाचायला लावतात, मग पत्र घेतात.

अक्काचं लग्न मी लहान असतानाच झालं. सासर यावलच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. आमच्याकडे आखाजीला लेकीने माहेरी यायचंच, आणि ती आपली आपण येत नाही, माहेरच्या माणसाने दारात जाऊन तिला आणायचं असतं. त्या माणसाला म्हणतात मुराळी. वरात निघाली तेव्हा अक्का रडत होती, माय रडत होती, आबा उगाच ट्रॅक्टरचं बॉनेट पुसत होते. मी झोक्यात बसून ओरडलो,

"अक्का, मी तुले गाडी लईसन लेवाले येसू! तुना दारमा गाडी उभी करसू!"

रडतारडता ती हसली. आणि ते वाक्य तिने जन्मभर लक्षात ठेवलं.

मुराळी म्हणून मी जायचो तो लाल बसने. पारोळ्याहून जळगाव, जळगावहून यावल, तिथून काळी-पिवळीत कोंबून फाट्यापर्यंत. फाट्यापासून पुढे पायी. गोट्यांनी भरलेला कोरडा नाला, मग खडा चढ, मग गाव. येताना अक्काच्या डोक्यावर पेटी, कडेवर पोरगं, माझ्या हातात तिने दिलेली मोहफुलांची पिशवी. नाल्यात उतरलं की दर वर्षी ती विचारायची,

"काय रे भाऊ, गाडी कोठे शे?"

"येई ऱ्हायनी, अक्का."

"मागला सालपासून येई ऱ्हायनी. रस्ता चुकनी का काय?"

मग मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न झालं, हप्ते सुरू झाले, आणि गाडी काही रस्त्यावर येईना. यंदा चैत्रात अक्काचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"यंदा जमाव नही रे भाऊ. गुडघा ऐकतस नही. नाल्यामा पाय ठेवताच येस नही माले."

"दाजींच्या मोटारसायकलवर फाट्यापर्यंत ये ना."

"पाय वाकस नही ना पण! आखाजी तुम्ही करी ल्या. मी आठे बसीसन आठवण काढसू."

मी फोन ठेवला आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या मायने पदर डोळ्यांना लावला. अक्का आखाजीला आली नाही असं एकही साल गेलेलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात गाडी घेतली. बदली होऊन चाललेल्या एका साहेबांची, वापरलेली, पण चारही चाकांना ताकद देणारी. ऑल व्हील ड्राइव्ह! नाला असो, चढ असो, चारही चाकं मिळून ओढणार. फक्त टायर पार गुळगुळीत झालेले. नाल्यात घालण्याआधी ते बदलणं भाग होतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. इथून पुढे नातेवाईक सुरू होतात.

जळगावात अजिंठा चौफुलीकडे टायरचं दुकान आहे ते नानांचं. नाना म्हणजे माझे सख्खे मामा. आणि धुळ्यात टायरचं दुकान आहे ते प्रशांतचं. प्रशांत म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, सख्खा भाऊ. एका माणसाच्या आयुष्यात एक टायरवाला नातेवाईक असणं हे भाग्य. दोन असणं म्हणजे परीक्षा.

"टायर मना भाऊकडूनच लेवाना," माय म्हणाली.

"आणि माझ्या भावाने काय घोडं मारलं?" स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणाली.

हे प्रकरण वरवरचं नव्हतं. आमच्या लग्नात मानपानाचे टोपी-टॉवेल वाटताना नानांच्या हाती पडलेला टॉवेल धुळेकरांच्या टॉवेलपेक्षा वीतभर आखूड निघाला होता. (तो धुवून आटला असावा असं मी सांगून पाहिलं. नवा टॉवेल कोण धुतं?) त्यानंतर नाना आमच्याशी दोन दिवाळ्या बोलले नव्हते. आमच्या घरात साइजवरून झालेलं ते पहिलं भांडण. दुसरं होऊ नये म्हणून मी कागद-पेन घेऊन बसलो.

टायरवर आकडे असतात. माझ्या गाडीवर होते 215/65 R16. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. दुसरा त्याच्या बाजूची उंची, पण सरळ नाही, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा आतल्या रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एकाच गोल वस्तूवर मिलीमीटर, टक्के आणि इंच. मला तर बघताक्षणी झोक्यात बसल्यासारखं वाटलं.

नाना म्हणाले, "भाचा, सोळा इंची रिम काय घालतो? म्हातारी दिसते गाडी! माझ्याकडे सतरा इंची अलॉय आहेत, चकाचक. 225/60 R17. लोकं वळून पाहतील."

प्रशांत म्हणाला, "जिजाजी, अलॉय लग्नात मिरवायला. तुम्हाला नाला चढायचाय! सोळाचीच रिम ठेवा आणि वर खडबडीत टायर, खोल नक्षीचा. 215/70 R16. दगडाला धरला की सोडत नाही."

आबांनी दोघांनाही बाद केलं.

"मांगलं चाक मोठं पाहिजे, पुढलं धाकलं," ते म्हणाले. "मी बठ्ठी जिंदगी ट्रॅक्टर चालाडं. कोणता ट्रॅक्टरले चारी चाकं सारखी देखी तू?"

"आबा, हा ट्रॅक्टर नाही."

"म्हनीसनच सांगस. सुधराव त्याले!"

मी गणित मांडलं. नानांच्या टायरची एकूण उंची आली सातशे दोन मिलीमीटर. प्रशांतच्या टायरची, सातशे सात. फरक पाच मिलीमीटर! ज्वारीच्या भाकरीच्या जाडीएवढा! मी पेन खाली ठेवलं आणि ज्या क्षणाची बी.एस्सी. झाल्यापासून वाट पाहत होतो तो क्षण आला.

"दोन टायर नानांकडून," मी जाहीर केलं, "आणि दोन प्रशांतकडून. गणिताच्या दृष्टीने चारही समान. मान निम्मा निम्मा."

माय खूश. सुनंदा खूश. मानपानाचा प्रश्न गणिताने सोडवणारा मी खानदेशातला पहिलाच जावई असेन, असं मला त्या रात्री झोपताना वाटलं.

सकाळी नानांचा फोन. "माझे दोन पुढे बसवायचे ना रे? मामाचा मान पुढे असतो."

लगेच प्रशांतचा. "जिजाजी, म्हणजे आमचे मागे? पंगतीतही मागे, गाडीतही मागे?"

"अरे, गाडीचा सगळा भार मागे असतो, प्रशांत!" मी म्हणालो. (खोटं. आमच्या गाडीचं इंजिन पुढे, वजनही पुढेच. पण आमची सगळी नाती अशाच वाक्यांवर उभी आहेत.) "धुळ्याने धरलं तरच गाडी चढणार!"

"असं म्हणता? मग ठीक आहे."

पुढची दोन चाकं जळगावात बसवली आणि मागची दोन बसवायला धुळ्याला गेलो. दोन्ही दुकानांत दुसऱ्याच्या चाकांकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, ती नजर मी आजवर फक्त लग्नात सुनेच्या दागिन्यांकडे पाहताना पाहिली आहे. काम झाल्यावर गाडी दिसत होती अशी: पुढून नवरदेव, मागून ट्रॅक्टर. मला जरा चमत्कारिक वाटलं. आबांनी मात्र गाडीभोवती फेरी मारली, मागच्या चाकावर थाप दिली आणि पहिल्यांदा माझ्या शिक्षणावर समाधान व्यक्त केलं.

"आते बराबर शे. मांगलं मोठं दिसस."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही गावाहून निघालो. मी मुराळी, आणि शेजारच्या सीटवर आबा, डोक्यावर नवी टोपी. घरी माय आणि सुनंदा खापरावरच्या पुरणपोळ्यांच्या तयारीला लागल्या. "सांजपर्यंत मन्ही पोरगी आठे पाहिजे," मायने बजावलं.

जळगाव ओलांडलं न ओलांडलं तोच समोर एक पिवळा दिवा लागला.

"हाऊ काय पेटना?" आबा.

"तो... चारही चाकं कामाला लागली की लागतो."

"आनी बंद कव्हय व्हस?"

"काम झालं की."

तेवढ्यात नानांचा फोन. "काय भाचा, पुढचे कसे चालताय?"

"एकदम मखमल, नाना."

तो ठेवतो तोच प्रशांतचा. "जिजाजी, मागचे?"

"पोलाद, प्रशांत. पोलाद."

यावलच्या अलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या. रस्त्याला सावली, पाटात पाणी, केळीच्या घडांनी भरलेले ट्रक. याच रस्त्याने मी बसच्या खिडकीत बसून किती वेळा गेलो होतो! आज माझ्या हातात स्टिअरिंग होतं. घसा जरा दाटून आला. मग कळलं, घसा दाटला नव्हता, वास येत होता.

आबांनी नाक उचललं. "काहीतरी जळी ऱ्हायनं."

"शेतात केळीची पानं जाळत असतील."

"केळीना वास मले माहीत शे. हाऊ वास गाडीना शे."

"आबा, नवीन टायरला असा वास येतोच."

यावल मागे टाकलं तेव्हा समोरच्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. घरातला पहिला ग्रॅज्युएट असल्याने मी ती तात्काळ वाचली. ऑल व्हील ड्राइव्ह, मग एक लांबलचक शब्द, आणि शेवटी ऑफ.

"काय लिखेल शे?"

"ऊन फार आहे ना आबा, म्हणून मागची चाकं जरा विश्रांती घेताहेत."

आबांनी मागे वळून पाहिलं. "धुळ्यानी शेतस ना," ते म्हणाले. "ठीक शे."

फाटा आला. डांबर संपलं. नाला आला. वर चढावर अक्काच्या गावाचे पत्रे उन्हात चमकत होते. मी गाडी थांबवली, टोपी नीट केली (आबांची, माझ्याकडे नव्हती) आणि मोठ्या थाटात नाल्यात उतरलो. अर्धा नाला झक्कास पार झाला. मग पुढची चाकं वाळूत जागच्या जागी फिरायला लागली. मी जोर दिला. पुढची आणखी फिरली. गोटे उडाले. गाडी इंचभर पुढे जाण्याऐवजी वीतभर खाली गेली.

आबा दार उघडून उतरले आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

"नानाना दोनी चाकं मरी ऱ्हायनात काम करीकरीसन," त्यांनी वार्तांकन सुरू केलं. "धुळ्याना दोनी नुसता देखी ऱ्हायनात!"

एका मोठ्या दगडावर चढलं की फोनला रेंज येत होती. मी दगडावर चढलो. पण मी कोणाला फोन लावण्याआधीच फोन वाजला. अर्थात प्रशांत.

"जिजाजी, नाला आला का? कसे आहेत माझे?"

"जागचे हलत नाहीत रे!"

"बघा! म्हटलं होतं ना, दगडाला धरले की सोडत नाहीत!"

त्याचा फोन कापून मी गाडीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. एका मॅडमनी फार गोड आवाजात विचारलं, "सर, चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे आहेत ना?"

"समान आहेत, मॅडम. म्हणजे... सन्मानाने समान आहेत."

"सॉरी सर?"

"पुढे सतरा, मागे सोळा. पण मी हिशोब केलाय! फरक फक्त पाच मिलीमीटर."

मग मॅडम लहान मुलाला सांगावं तशा म्हणाल्या, "सर, ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढची-मागची चाकं आतून जोडलेली असतात. एक मोठं, एक लहान असलं की एक भराभर फिरतं, दुसरं सावकाश. गाडीला वाटतं चाक घसरतंय, म्हणून ती सारखी ओढत राहते. ओढून ओढून आतला भाग तापतो. मग ती मागची चाकं सोडून देते. सर, तुम्ही रिकाम्या सपाट रस्त्यावरही तिला दिवसभर नाला चढायला लावलात."

मी दगडावरून खाली उतरलो. आबांनी विचारलं, "काय म्हने?"

"गाडीत भाऊबंदकी झाली म्हणे."

आता आली खरी पंचाईत. गाडी नाल्यात, अक्का वर, माय घरी पुरण वाटून वाट पाहतेय. मी चालत वर जाऊ शकत होतो, पण अक्का चालत खाली येऊ शकत नव्हती. एवढा खटाटोप केला तो नेमका याच एका नाल्यासाठी, आणि मी नेमका त्याच नाल्यात बसलो होतो! मी दाजींना फोन लावला. दाजी मितभाषी आहेत. ते फक्त "हां" म्हणाले.

थोड्या वेळाने चढावरून धूळ उठली. दाजी शेजाऱ्यांचा केळीचा ट्रॅक्टर घेऊन येत होते. मागे ट्रॉली, ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत, हिरवं लुगडं नेसून, एका हाताने ट्रॉलीची कडा धरून, अक्का! गुडघे सरळ ठेवून ती एखाद्या देवीसारखी बसली होती. नाल्याच्या काठावर ट्रॅक्टर थांबला. तिने खालची गाडी पाहिली. पुढची चकाचक चाकं पाहिली. मागची राकट चाकं पाहिली. मला पाहिलं.

"काय रे भाऊ," ती म्हणाली, "गाडी कोठे शे?"

"ही काय, अक्का."

"ती ते बसेल शे. माले वाटनं, माले बसाडाले लई उना व्हशीन."

दाजींनी दोर बांधला. ट्रॅक्टरने नुसती उचकी दिली तशी गाडी वाळूतून बाहेर आली. आबांना राहवलं नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या भल्यामोठ्या चाकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "देख! मांगलं मोठं! सांग आते!" (मॅडमनी जे अर्ध्या तासापूर्वी समजावलं ते आबांना समजावण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.)

दाजी दोर सोडू लागले. अक्काने हात वर केला.

"सोडू नका. तशीच वर लई चाला."

"अक्का, आता इथूनच बस ना गाडीत. उतारावर ती चालेल."

"आठून बसू? वाटमधून? मुराळी दारमा येस, नाल्यामा नही!"

आणि वरात निघाली. पुढे ट्रॅक्टर, मध्ये ट्रॉलीत अक्का, मागे दोराला बांधलेली माझी ऑल व्हील ड्राइव्ह, आणि तिच्यात स्टिअरिंग धरून मी. गावातल्या बायका दाराशी आल्या. कोणीतरी ओरडलं, "अक्का, भाऊ उना का व तुना?" अक्का खुर्चीतून मागे वळून ओरडली, "उना ना! गाडी लईसन उना! बांधीसन आणी शे, पळी जावाले नको!"

तिच्या दारापासून थोड्या अंतरावर तिने ट्रॅक्टर थांबवायला लावला. दोघा बायकांचा आधार घेऊन उतरली आणि हळूहळू, एकेक पाय टाकत, घरात गेली. आम्ही सगळे दोरासकट उभे. बराच वेळ झाला. मग आतून तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली, जणू ती सकाळपासून तिथेच आहे आणि आम्हाला पहिल्यांदाच बघतेय. दाजींनी ट्रॅक्टर पुढे घेतला. माझी गाडी तिच्या दारात उभी राहिली.

"कोन शे?" तिने विचारलं.

"मी शे अक्का. तुना भाऊ. गाडी लईसन उनू."

तिने माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग टायरवरही थोडं पाणी घातलं. तिचे डोळे भरले होते, पण जीभ कोरडी नव्हती.

चहा होईपर्यंत मी तिच्या पेटीचा दोर घेतला आणि पुढच्या चाकाभोवती गुंडाळून गाठ मारली. तोच दोर मागच्या चाकाभोवती धरला. गाठ पोहोचेना. चांगली तीन बोटं कमी! कागदावरची पाच मिलीमीटर व्यासातली होती. परिघात ती तिपटीहून जास्त होतात, हे मी शाळेत शिकलो होतो. शिवाय प्रशांतच्या खोल नक्षीची उंची मी धरलीच नव्हती.

अक्का उंबऱ्यात बसून पाहत होती. "किती फरक उना?"

"तीन बोटं."

ती समाधानाने म्हणाली, "पाढा चुकना. झोका बंद!"

इंजिन, आतला तापलेला भाग आणि मी, सगळे थंड झाल्यावर आम्ही निघालो. पुढच्या सीटवर अक्का, पाय लांब करून. मागे आबा आणि पेटी. उतार होता, आणि नाल्यापुरता दाजींनी ट्रॅक्टरचा दोर लावला, म्हणून नानांची दोन चाकं पुरली. पिवळा दिवा घरापर्यंत तेवत होता. माय दिवेलागणीला दारातच उभी होती. अक्का गाडीतून उतरली तेव्हा मायने आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पायांना धूळ नव्हती. माय आत गेली आणि खापरावरची पोळी उलटली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी आखाजीला नाना आले आणि धुळ्याहून प्रशांतही आला. आमरसाची पहिली वाटी संपायच्या आत दोघांचं सुरू झालं. "पुढच्यांनीच गाडी घरी आणली!" "मागच्यांना कोणी काम करू दिलं?" माझ्या गणिताचा तिथे कोणीही उल्लेख करत नव्हतं, हीच काय ती माझ्यावर कृपा.

अक्काने वाटी खाली ठेवली. "नाना, मी तुमनी भाची ना?"

"अर्थात!"

"प्रशांत, मी तुनी बी अक्का ना?"

"हो, अक्का."

"मंग ऐका. चारी चाकं एक मायना पोटना पाहिजेत. तव्हयच मी परत बससू. टायर नाना देतीन. प्रशांत ते बसाडीन, सरळ करी दीन. आनी साइज भाऊ काढाव नही."

शेवटच्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं. टॉवेलनंतर पहिल्यांदाच.

आता जे झालं ते सरळ सांगतो. गाडीला आज चारही टायर एकाच कंपनीचे आहेत, साहेबांच्या मूळ सोळा इंची रिमवर, जी साइज कंपनीने दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर पहिल्या दिवसापासून छापलेली होती. पिवळा दिवा विझला आहे. राखीला गाडी नाला चढून अक्काच्या दारात स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, आणि अक्काने नाल्यात पाय ठेवला नाही. तिला पुन्हा कधी ठेवावा लागणार नाही.

आणि माझ्या हिशोबाचे ते चार टायर? नानांचे दोन आमच्या गावच्या छपरावर पत्र्यांना वजन म्हणून आहेत. प्रशांतचा एक अक्काच्या अंगणात आहे, त्यावर पाय ठेवून ती गुडघ्याला तेल लावते. दुसरा आमच्या दारातल्या निंबाला बांधला आहे, जुन्या ट्रॉलीच्या टायरच्या जागी. कोणी पाहुणा आला की आबा त्याला थांबवतात, झोक्याकडे बोट दाखवतात आणि छाती फुगवून सांगतात, "हाऊ टायर आमना ग्रॅज्युएटनी निवडेल शे. झोकाले एकदम बराबर साइज शे!"